चार खंड, चार वारस : १७८० च्या 'डॉन किहोते'चं एक प्रकरण

आमचा एक नाशिकचा मित्र गेली वीसेक वर्षं माद्रिदला असतो. बायको तिथलीच. दीड वर्षापूर्वी त्याचे सासरे गेले. वय झालं होतं, आजारपण फारसं काढलं नाही. वर्षश्राद्धासारखं काही तिथे नसतं, पण वाटणी सगळीकडे असते. घर विकायचं ठरलं, गावाकडचा जमिनीचा तुकडा एकाने घेतला, भांडीकुंडी, चित्रं, घड्याळ सगळं दोन रविवारांत निकालात निघालं. गाडं अडलं ते दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटापाशी. त्यात तपकिरी कातड्यात बांधलेले चार जाडजूड खंड होते, सर्व्हांतेसच्या 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीचे. (स्पॅनिशमध्ये म्हणतात 'दोन किहोते', पण मराठीत ते एकाचे दोघं होतात, म्हणून डॉनच ठेवतो.)

भावंडं चार, खंड चार. थोरल्या मेहुण्याने सरळ हिशेब मांडला : एकेकाने एकेक घ्या, बाबांची आठवण चारही घरांत राहील. ऐकायला वाईट नाही. मित्राच्या बायकोला मात्र ते काही केल्या पटेना, आणि का पटत नाही तेही सांगता येईना. तिने नवऱ्याला म्हटलं, तुझ्या त्या पुण्याच्या पुस्तकवाल्या दादाला विचार.

पुस्तकवाला म्हणजे मी. जुनी पुस्तकं दुरुस्त करतो, बांधतो, आणि हातात आलेलं पुस्तक पुरं आहे की लंगडं हे आधी तपासतो. स्पॅनिश शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो. त्या चार खंडांना मी आजतागायत हात लावलेला नाही. जे काही केलं ते तिच्या फोनच्या कॅमेऱ्यातून, सहा-सात संध्याकाळींत, माझे रात्रीचे साडेदहा आणि त्यांचे सातचे ठोके जुळवून. घरच्यांच्या परवानगीने, नावं गाळून, हे प्रकरण लिहून ठेवतोय.

घरात काय समजूत होती

या पुस्तकाबद्दल घरात तीन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात होत्या. ही पहिली आवृत्ती आहे. यात गोया या नामवंत स्पॅनिश चित्रकाराने काढलेलं चित्र आहे. आणि हा संच पणजोबांच्या काळापासून असाच्या असा एकत्र आहे. मला हे सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, थोडी धाकधूक. माझ्या अनुभवात जुन्या पुस्तकाबरोबर एखादी तरी दंतकथा येतेच. आपल्याकडेही घरातली 'दासबोधा'ची पोथी कायम साडेतीनशे वर्षांची असते आणि उघडली की मुंबईच्या शिळाप्रेसची निघते.

पहिल्या आवृत्तीचा प्रश्न शीर्षकपानाच्या फोटोनेच मिटला. खाली साल १७८०, माद्रिद, आणि मुद्रक होआकीन इबार्रा, राजाचा आणि राजअकादमीचा, म्हणजे स्पॅनिश भाषेचं काम पाहणाऱ्या संस्थेचा, मुद्रक. सर्व्हांतेसच्या पुस्तकाची खरी पहिली आवृत्ती १६०५ ची, माद्रिदच्या आतोचा रस्त्यावरच्या हुआन दे ला कुएस्ताच्या छापखान्यातली. ती ६६४ पानांची, स्वस्त कागदावर घाईघाईने काढलेली. तेव्हा पुस्तकाची कमाल किंमत सरकार ठरवून देई आणि ती पुस्तकातच छापावी लागे. ८३ ताव, दर तावाला साडेतीन मारावेदी (तेव्हाचं स्पॅनिश नाणं), एकूण दोनशे साडेनव्वद. ही किंमत न बांधलेल्या तावांची, बांधणी ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करून घ्यायची. म्हणजे आज ज्याच्या प्रती तिजोरीत असतात ते पुस्तक जन्माला आलं तावांच्या हिशेबाने.

तिला जरा वाईट वाटलं. मी म्हटलं, थांब. १७८० हे साल हलकं नाही. इबार्राचं १७८० हे नाव घेतल्यावर जुन्या पुस्तकांची माणसं खुर्चीत सरळ होऊन बसतात. फक्त आधी पट्टी आण.

पट्टी अशासाठी की दोनच वर्षांनी, १७८२ मध्ये, त्याच इबार्राने त्याच अकादमीसाठी हेच पुस्तक पुन्हा चार खंडांतच काढलं, पण छोट्या आकारात, लोकांना परवडावं म्हणून. शीर्षकपानाचा काठ फाटून साल गेलं असेल, किंवा कुणी नुसता धूसर फोटो पाठवला असेल, तर अनुभवी माणूसही फसू शकतो. हिचं पान जवळजवळ ३० सेंटीमीटर उंच भरलं. मोठीच आवृत्ती.

मग टॉर्च. खोलीतले दिवे बंद करून फोनचा प्रकाश पानाला अगदी आडवा धरायला सांगितला. कॅमेऱ्यात अक्षरांच्या मागच्या बाजूला बारीक उठाव दिसले, खिळ्यांनी कागद दाबल्याचे. चित्राच्या पानावर चारी बाजूंनी एक दबलेली चौकट, तांब्याच्या पत्र्याच्या कडेची. पुढे एकोणिसाव्या-विसाव्या शतकात या नामांकित आवृत्त्यांच्या फोटोवरून काढलेल्या हुबेहूब नकला निघाल्या. नकलेत चित्र येतं, अक्षर येतं, पण कागदाला दिलेला हा दाब सहसा येत नाही. इथे तो होता. कागद अडीचशे वर्षांनंतरही हस्तिदंती, कुठे तांबूस ठिपका, एवढंच. चिंध्यांचा कागद असतो तो. आपल्या साठच्या दशकातल्या कादंबऱ्या आज बोटाला लागून तुटतात, आणि हा कागद अजून कडक वाजत होता. फोनवरसुद्धा पान उलटल्याचा आवाज ऐकू आला.

हे पुस्तक काढलं कशाला

इथे थोडं मागे जायला हवं, कारण या आवृत्तीचं सगळं सोनंनाणं तिच्या जन्माच्या कारणात आहे.

अठराव्या शतकात 'किहोते' स्पेनमध्ये भरपूर खपत होतं, पण बाजारू कागदावर, झिजलेल्या ठशांच्या चित्रांसकट. जत्रेत मिळणाऱ्या पुस्तकासारखं. आणि १७३८ मध्ये लंडनमध्ये टॉन्सन या प्रकाशकाने लॉर्ड कार्टरेटच्या पुढाकाराने स्पॅनिश मजकुराची देखणी चार खंडी आवृत्ती काढली. सर्व्हांतेसचं पहिलं रीतसर चरित्रही त्या आवृत्तीसाठीच लिहिलं गेलं. ते लिहिणारे ग्रेगोरिओ मायान्स स्पॅनिशच, पण ते लिहून घेणारे इंग्रज. स्वतःच्या भाषेतल्या सर्वांत मोठ्या पुस्तकाची सर्वांत चांगली प्रत परक्या राजधानीत छापून यावी, हे माद्रिदला किती झोंबलं असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

१७७३ मध्ये राजअकादमीने तिसऱ्या कार्लोस राजाची परवानगी मिळवली आणि सात वर्षं ती या कामात बुडाली. कागद खास या पुस्तकासाठी कातालुन्यातल्या एका गिरणीत तयार करून घेतला. अक्षरासाठी हेरोनिमो हिल या कोरणाऱ्याचा नवा टाइप वापरला. याच हिलचा हात चित्रांतही आहे, आणि पुस्तक बाहेर पडायच्या दोन वर्षं आधी, १७७८ मध्ये, तो मेक्सिकोच्या टांकसाळीवर नेमणूक घेऊन निघूनही गेला. विसेंते दे लोस रिओस या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने नवं चरित्र आणि कादंबरीचं विवेचन लिहिलं. तोही १७७९ मध्ये वारला, छापलेलं पुस्तक त्याने पाहिलं नाही. राजाचा भूगोलतज्ज्ञ तोमास लोपेझ याने डॉन किहोतेच्या भटकंतीचा नकाशा काढला. कल्पित माणसाने कल्पित प्रवासात कुठे मुक्काम केला हे सरकारी नकाशाकाराने मोजून मांडलं. मला या आवृत्तीतलं सगळ्यात लाडकं पान हेच, कारण यात अकादमीचा गंभीरपणा आणि तिचं खुळ दोन्ही एका घडीत सापडतं.

छापणारा इबार्रा मूळचा सारागोसाचा, १७२५ चा. आठ वर्षं आधी, १७७२ मध्ये, त्याने सॅलस्ट या रोमन इतिहासकाराचं राजपुत्र गाब्रिएलने केलेलं स्पॅनिश भाषांतर छापलं होतं, आणि त्याची एक प्रत राजपुत्राने अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनला भेट पाठवली होती. फ्रँकलिन स्वतः मुद्रक, म्हणजे ही भेट जाणत्याकडे गेली. इबार्राची ख्याती दोन गोष्टींची : शाईचा गडद काळेपणा, आणि छापल्यावर कागद दाबून गुळगुळीत करण्याची त्याची पद्धत. मी तिला एका ओळीवर कॅमेरा अगदी जवळ न्यायला सांगितलं. अक्षराची कड कुठे फुटलेली नाही, शाई कुठे पसरलेली नाही, आणि दोन शब्दांमधली जागा ओळीगणिक इतकी सारखी की जुळाऱ्याने किती वेळ घालवला असेल याचाच विचार मनात आला. खिळे जुळवण्याची मजुरी पानावर मिळत असेल तर तो माणूस तोट्यात गेला असणार.

प्रती काढल्या १६००. म्हणजे दुर्मीळ म्हणावी अशी ही आवृत्ती नाही. जगभरच्या मोठ्या ग्रंथालयांत आहे, बाजारातही अधूनमधून येते. म्हणूनच तिचा सगळा भाव प्रत पुरी आहे की नाही आणि कुठल्या अवस्थेत आहे, यावर ठरतो.

चित्र गेलं, सावली राहिली

आता मोजणी. छापील मजकुराचा फर्मा दुमडून, शिवून खंडात बसतो. त्यातलं पान गेलं तर पानाचा आकडा तुटतो, लगेच कळतं. ताम्रपत्र्यावरची चित्रं वेगळ्या दाबयंत्रावर, वेगळ्या तावावर छापतात आणि बांधणारा ती मधेमधे डकवतो. ती पानांच्या आकड्यात नसतात. एखादं काढून घेतलं तर पुस्तक हूं की चूं करत नाही. आणि चित्रं काढली जातात, कारण सुटं चित्र चौकटीत घालून विकायला सोपं.

या आवृत्तीत पानभर प्रसंगचित्रं ३१. शिवाय सर्व्हांतेसचं चित्र, सजावटीची पानं आणि नकाशा. स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपली प्रत स्कॅन करून सगळ्यांना खुली ठेवली आहे. ती मी माझ्या पडद्यावर उघडली, तिने तिकडे खंड उघडले, आणि आम्ही एकेक चित्र टिपत गेलो. मित्र मधे मधे चहा आणून देत होता, तिला.

तिसऱ्या खंडात ती म्हणाली, "दादा, या पानावर डाग आहे." मी म्हटलं दाखव. छापील मजकुरावर फिकट तपकिरी ढग पसरला होता. टॉर्च तिरका केला तर त्या ढगात घोड्याची मान दिसायला लागली, मग पाय, मग एक तिरकी लांब रेघ, भाल्याची असावी. सगळं उलटं, आरशातल्यासारखं. शाईतलं तेल दोनशे वर्षं समोरच्या पानात झिरपत राहिलं होतं. पण समोर चित्रच नव्हतं. तिथे खाचेत, शिवणीच्या अगदी आत, अर्ध्या बोटाच्या रुंदीची कागदाची पट्टी उभी होती, सरळ धारदार पात्याने कापलेली. चित्र नेणारा घाईत नव्हता.

असं आणखी एका ठिकाणी निघालं, त्याच खंडात. नकाशा मात्र होता, घडीवर फाटलेला आणि मागून कुणीतरी पारदर्शक चिकटपट्टी लावलेला. ती चिकटपट्टी बघून मला जे वाटलं ते लिहीत नाही. घरात जुनं पुस्तक असेल तर एवढंच ऐका : फाटलं तर फाटलेलं ठेवा, चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पुढे पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग तो निघता निघत नाही.

गोयाचं काय? तिची आत्या शपथेवर सांगत होती की एक चित्र गोयाचं आहे. प्रत्यक्षात ३१ पैकी १९ चित्रं आंतोनिओ कार्निसेरोची, ७ होसे देल कास्तियोची, उरलेली इतर चौघांची. अकादमीने कुठला प्रसंग काढायचा हे आधी ठरवून दिलं होतं, कपडे आणि शस्त्रं त्या काळाला धरून हवीत असाही आग्रह होता. गोयाने चित्र काढलं हे खरं. गाढवासारखं ओरडण्यावरून होणाऱ्या भांडणाच्या प्रसंगाचं. फाब्रेगातने ते तांब्यावर कोरलंही. पण पुस्तकात ते घेतलं नाही. तेव्हा गोया तिशीतला, नाव व्हायचं होतं. आज त्या संचातल्या सगळ्या चित्रकारांची नावं मिळून जेवढी लोकांना माहीत असतील त्याहून नाकारलेल्याचं एकट्याचं जास्त. आत्याबाईंची समजूत हवेतून आलेली नव्हती, अर्ध्या वाटेपर्यंत खरी होती.

सर्व्हांतेसच्या चित्राचीही अशीच कथा. त्याच्या हयातीतलं खात्रीचं चित्र कुठेच नाही. लंडनच्या आवृत्तीत विल्यम केंटने मनानेच चेहरा काढला होता. अकादमीला एका सरदाराकडून एक जुनं तैलचित्र मिळालं, आणि ते बघताच शंका आली की हे त्या इंग्रजी चित्रावरून तर काढलेलं नाही? दोन चित्रकारांना तपासायला दिलं. त्यांनी सांगितलं, तैलचित्र जुनं आहे. अकादमी निश्चिंत झाली, पुस्तकात तेच गेलं. पुढच्या अभ्यासकांनी मात्र उलटा कौल दिला. ज्या इंग्रजांना उत्तर म्हणून हा घाट घातला, त्यांचाच चेहरा पहिल्या खंडात येऊन बसला. सर्व्हांतेसने स्वतः १६१३ च्या एका प्रस्तावनेत आपलं वर्णन लिहून ठेवलंय, त्यात दात सहाच उरलेत आणि तेही एकमेकांशी न जुळणारे, असं आहे. कुठल्याही चित्रात त्याचं तोंड उघडं नाही, त्यामुळे पडताळा कसा घेणार.

चौथा खंड

चौथ्या खंडाने मला दोन संध्याकाळी छळलं. चित्रं पूर्ण, कागद तोच, टाइप तोच, साल तेच. पण चारही खंड टेबलावर शेजारी शेजारी उभे केले तर चौथा सात मिलिमीटर उंच. एकाच वेळी बांधलेल्या संचात असं होत नाही. बांधणारा चारही खंड एका मापाने कापतो. कडांचा रंग पाहिला : तीन खंडांच्या कडा सलग लाल, चौथ्याच्या कडांवर लाल छिटे. कण्यावरची सोनेरी नक्षी प्रथमदर्शनी सारखीच, पण जवळून पाहिलं तर तीन खंडांवरच्या फुलाला पाच पाकळ्या आणि चौथ्यावरच्याला सहा. तीन खंडांच्या शीर्षकपानांवर एक अंडाकृती शिक्का, पुसटलेला, वाचता न येणारा. चौथ्यावर काहीच नाही.

म्हणजे चौथा खंड दुसऱ्या संचातला. कुणीतरी तो मागाहून आणून उरलेल्या तिघांच्या वळणाने बांधून घेतला होता. आमच्या धंद्यात याला जुळवलेला संच म्हणतात, आणि तसं न सांगता विकणं म्हणजे लबाडी.

मी तिला शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतला कागद दाखवायला सांगितलं. तिथे खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं : १९६८, आणि पुढे पेसेतांमधली, म्हणजे युरोआधीच्या स्पॅनिश चलनातली, रक्कम. कॅमेरा हलला. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. अक्षर तिच्या वडिलांचं होतं.

आईची एक तक्रार तिला आठवत होती, लहानपणी शंभरदा ऐकलेली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात या माणसाने एका जुन्या पुस्तकापायी पगार उडवला आणि घरात नवी शेगडी आली नाही. पुस्तक आणलं होतं कुएस्ता दे मोयानोवरून. आतोचाच्या खालच्या अंगाला, वनस्पती उद्यानाच्या भिंतीलगतचा तो चढ, १९२५ पासून तिथे जुन्या पुस्तकांच्या लाकडी टपऱ्या आहेत. आपल्या फ्लोरा फाउंटनच्या पदपथाची आठवण यावी अशी जागा. घरात परंपरेने आले होते तीनच खंड. चौथा त्यांनी स्वतः शोधून आणला, बांधून घेतला, आणि पुढे पोरांना सांगत राहिले की संच पणजोबांपासून पुरा आहे. खोटं का सांगितलं असेल, यावर त्या रात्री त्यांच्याकडे बरीच चर्चा झाली. मी फोन ठेवला.

मजकुराची गंमत

पुढच्या खेपेला तिने विचारलं, हे सगळं ठीक, पण यातला मजकूर तरी अचूक आहे का? शाळेत तिने नव्या टिपांची प्रत वाचली होती.

अकादमीने नेकीने कष्ट घेतले. आधीच्या बाजारू प्रतींवरून उतरवून न घेता जुन्या मूळ प्रती मिळवून ताडून पाहिल्या, आणि हे तेव्हा नवीनच होतं. फक्त १६०५ ची पहिली प्रत म्हणून त्यांनी जी धरली, ती पहिली नव्हती. पुस्तक इतकं खपलं की त्याच वर्षी कुएस्ताने दुसरी आवृत्ती काढली, मुद्रक तोच, साल तेच, रूप जवळपास तेच. फरक शीर्षकपानाच्या तळाशी : पहिलीवर नुसतं 'परवान्यासह', दुसरीवर 'कास्तिल, आरागोन आणि पोर्तुगालच्या परवान्यासह'. कारण लिस्बनमध्ये चोरट्या आवृत्त्या निघाल्या होत्या आणि मालकांना पोर्तुगालचा हक्क घाईने मिळवावा लागला. तेव्हा स्पेन आणि पोर्तुगाल, दोन्ही मुकुट एकाच राजाच्या डोक्यावर होते, आणि त्या नात्याने गोव्यावर अंमलही त्याचाच. सर्व्हांतेस १६१६ च्या एप्रिलमध्ये वारला, त्याच साली आपल्याकडे रायतूरला फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. मराठीतलं ते पुराण, रोमन अक्षरांत. त्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही. माद्रिदच्या स्वस्त पुस्तकाच्या प्रती मात्र टिकल्या. नशीब एकेका छापखान्याचं.

दोन्ही १६०५ मधला दुसरा फरक गाढवाचा. पहिल्या आवृत्तीत डॉन किहोतेचा सोबती सांचो याचं गाढव मधेच नाहीसं होतं, कुणी नेलं ते सांगितलेलंच नाही, आणि पुढे ते बिनदिक्कत हजर होतं. दुसऱ्या आवृत्तीत चोरीचा प्रसंग घातला, पण अशा जागी की लगेच पुढच्या पानावर सांचो त्याच चोरीला गेलेल्या गाढवावर बसलेला. १६१५ च्या दुसऱ्या भागात याबद्दल विचारल्यावर सांचो खांदे उडवतो : लिहिणारा चुकला असेल किंवा छापणाऱ्याची बेपर्वाई. मी तिला तेविसावं प्रकरण उघडायला लावलं. गाढव तिथे चोरीला गेलेलं होतं. उत्कृष्ट कागद, उत्कृष्ट शाई, आणि त्यावर काळजीपूर्वक जुळवलेली दुसऱ्या आवृत्तीची ठिगळं. ती इतकी हसली की मित्र आतून विचारायला आला.

माझं मत मी तेव्हाच सांगून टाकलं : वाचायचं असेल तर दुकानातली नवी प्रत घ्या. ही आवृत्ती घेणारा सर्व्हांतेस नाही घेत, तो इबार्रा घेतो. आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

निकाल

लेखी अहवाल दीड पानांचा दिला. १७८० ची मोठी आवृत्ती, खरी. तीन खंड एका संचातले, चौथा जुळवलेला. तिसऱ्या खंडात दोन चित्रं कापलेली. नकाशा फाटलेला, चिकटपट्टीमुळे बिघडलेला. बांधणी नंतरची पण नेटकी. किंमत मी लिहिली नाही, ते तिथल्या अधिकृत मूल्यांकन करणाऱ्याचं काम. तुलनेसाठी एवढंच सांगितलं की २०२२ मध्ये पॅरिसच्या लिलावात पहिल्या भागाची १६०८ ची प्रत आणि दुसऱ्या भागाची १६१५ ची मिळून ५ लाख युरोंच्या वर गेली होती, आणि त्या रांगेत हा संच उभा करू नका. शेवटी : चारही खंड एकत्र असतील तर हे एक दोषी पण मानाचं पुस्तक आहे. वेगळे केले तर चार सुटे खंड उरतील, आणि सुट्या खंडाला बाजारात कुणी विचारत नाही, चित्रं कापणाऱ्यांशिवाय.

थोरला मेहुणा अहवाल वाचून म्हणे गप्प झाला. मग वकिलाने दोन गोष्टी पुढे ठेवल्या. स्पॅनिश नागरी कायद्याच्या १०६२ व्या कलमाप्रमाणे वाटून खराब होणारी वस्तू एका वारसाकडे देता येते, त्याने बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे द्यायचे. पण एकानेही लिलाव मागितला तर लिलाव करावाच लागतो. दुसरी : धाकटी बहीण मेक्सिकोत असते आणि तिचा खंड ती सामानातून नेणार होती. १९८५ च्या वारसा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, नेली तर ती सरकारजमा. हेरोनिमो हिल मेक्सिकोला गेला तेव्हा त्याला कुणी अडवलं नव्हतं, असं ती म्हणाली. हे तिला तिच्या बहिणीनेच सांगितलं असणार.

लिलाव कुणी मागितला नाही. संच धाकट्या भावाकडे गेला, तो शाळेत शिकवतो आणि त्याच्या घरी दमट भिंती नाहीत. बाकी तिघांना मूल्यांकनाप्रमाणे पैसे, हप्त्यांनी. थोरल्याने आपला पहिला हप्ता नकाशाच्या दुरुस्तीला दिला. चिकटपट्टी सोडवायला तिथल्या एका कागद-दुरुस्ती करणारीला तीन आठवडे लागले.

राहिला प्रश्न पेटीचा. चारही खंडांसाठी एकच कापडी पेटी करून घ्या, असं मी सुचवलं होतं. पेटी करणाऱ्याने मापं घेतली आणि धाकट्या भावाला फोन केला : एक खंड उंच आहे, पेटीत सरळ रेघेत बसणार नाही. वरून सात मिलिमीटर कातरून देऊ का, मोकळीच जागा आहे, अक्षराला धक्का लागणार नाही. भावाने मला फोन जोडला. मी काही बोलायच्या आत तोच त्याला म्हणाला, नको, बाकीच्या तिघांच्या खाली पुठ्ठा घाला.